माय मरो, मावशी जगो



'माय मरो, पण मावशी जगो' ही म्हण आपण सगळ्यांनीच ऐकलेली आहे. ऐकताना ती जरा कठोर वाटते. पण ज्या कुणी ती प्रथम म्हटली, त्याच्या मनात कठोरपणा नसावा. आई गेली म्हणून मूल वाढायचं थांबत नाही, हे त्याने पाहिलेलं असणार. मुलाला भूक लागते, ताप येतो, रात्री भीती वाटते. अशा वेळी कुणाचा तरी पदर हाती लागावा लागतो. कधी तो मावशीचा असतो, कधी आत्याचा, कधी आजीचा, तर कधी शेजारणीचाही. आज मला त्या मावशीविषयी बोलायचं आहे. पोरक्या मुलासाठी सारं गाव हळहळतं; पण त्याला सांभाळणाऱ्या माणसाची विचारपूस फारसं कुणी करत नाही. 'मावशी जगो' असं आपण म्हणतो खरं, पण तिला जगवायचं कुणी, हे म्हणीत सांगितलेलं नाही.

आपल्याच गावात नजर टाका. अशी दोन-तीन घरं सहज सापडतील. मुलगा अपघातात गेला, सून आजारात गेली, आणि सत्तरीला आलेली आजी दोन नातवंडं घेऊन बसली आहे. लोक म्हणतात, "आजीला काय, दुधापेक्षा दुधावरची साय प्यारी!" साय प्यारी आहेच. पण आजीचे गुडघे दुखतात, तिला डोळ्यांनी नीट दिसत नाही, आणि जो मुलगा गेला तो तिच्या पोटचा होता, हे आपण विसरतो. ते दुःख पोटात घालून ती पहाटे चूल पेटवते नि पोरांच्या डब्याची भाकरी थापते.

दुसऱ्या घरी मामी आहे. तिची स्वतःची दोन आणि नणंदेची दोन, अशी चार ताटं तिला मांडायची असतात. भाच्याच्या ताटात तूप जास्त पडलं तर घरची माणसं बघतात. कमी पडलं तर गाव बघतं. तिने भाच्याला रागावलं तर 'परकं लेकरू म्हणून छळते' आणि नाही रागावलं तर 'लाडावून ठेवलंय'. आपल्या मुलाला दिलेली चापटी कुणाच्या लक्षात राहत नाही, पण भाच्याला दिलेली चापटी चार घरं फिरून येते. अशा बाईला चार दिवस कुणी म्हणालं का, "वहिनी, आज पोरं आमच्याकडे जेवायला पाठवा, तुम्ही जरा टेका"?

आणि आईबाप हयात असूनही आजीआजोबांच्या पदरात वाढणारी मुलं आपल्याकडे काही थोडी नाहीत. बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसं ऊसतोडीला जातात. कोयता घेऊन नवराबायको कारखान्याच्या भागात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं. त्या पाच-सहा महिन्यांत त्या मुलांचे पालक कोण? आजी. तिला कुणी पालक म्हणून नेमलेलं नाही, पण सगळी जबाबदारी तिच्यावरच असते.

आता एका शाळेतली गोष्ट सांगतो. चौथीतल्या एका मुलाने प्रगतिपुस्तक तीन आठवडे परत आणलं नाही. गुरुजी रोज विचारत, "पालकांची सही आणलीस का?" मुलगा मान खाली घाली. शेवटी गुरुजी चिडले. तेव्हा कळलं, की पुस्तकावर 'वडिलांची सही' असं छापलेलं होतं. वडील वारलेले. घरी आजी होती; पण ती अंगठा उठवणारी, आणि 'वडिलांची' असं छापलेल्या जागी आजीचा अंगठा चालतो की नाही, हे त्या पोराला ठाऊक नव्हतं. विचारायची लाज वाटली म्हणून त्याने पुस्तक दप्तराच्या तळाशी दडवलं. गुण चांगले होते. दडवण्यासारखं त्यात काही नव्हतं. गुरुजी त्या संध्याकाळी शाईचा पॅड घेऊन त्याच्या घरी गेले. आजीला ओट्यावर बसवून त्यांनी नातवाचे गुण वाचून दाखवले आणि अंगठा घेतला. "आजी, यापुढं शाळेचं काहीही असलं तरी पालक तुम्हीच," असं ते मुलासमोर म्हणाले. एवढ्या एका वाक्याने त्या घराला केवढा आधार झाला असेल!

शिक्षक बंधुभगिनींनो, म्हणून आपल्याला विनंती आहे. वर्गात 'माझी आई' किंवा 'माझे बाबा' हा निबंध घालताना 'माझ्या घरचं माणूस' असाही एक विषय द्या. पालकसभेला आजी आली, मामा आला, तर त्यांना मागच्या बाकावर बसवू नका. आणि दुसऱ्या गावाहून मावशीकडे आलेलं मूल शाळेच्या दारात उभं राहिलं, तर जन्मदाखल्यासाठी त्याला परत पाठवू नका. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सांगितलेलंच आहे, की वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

मंडळी, परक्याचं मूल पदरात घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पण त्या रीतीत दोन धारा आहेत. एक धारा वंशासाठी आणि गादीसाठी. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव १८७५ साली बडोद्याला दत्तक गेले आणि सयाजीराव महाराज झाले. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरला दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. दोघांनीही गादीचं सोनं केलं. पण तिथे प्रश्न होता गादीला वारस हवा हा.

दुसरी धारा पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या घरात दिसते. १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसलेल्या विधवा बाईने तिथे यावं, सुखरूप बाळंत व्हावं, हा हेतू. तिथेच काशीबाई नावाच्या विधवेला मुलगा झाला, आणि १८७४ साली फुले दांपत्याने तो आपला म्हणून घेतला. तोच यशवंत. इथे कुणाच्या गादीला वारस नको होता. मुलाला घर हवं होतं. पुढे यशवंत डॉक्टर झाले. १८९७ च्या प्लेगात पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या, त्या सेवेतही हा मुलगा होता.

या गोष्टीतली एक बाब मात्र आपण नीट ध्यानात धरली पाहिजे. जोतीरावांनी नुसती माया केली नाही. १८८७ साली त्यांनी मृत्युपत्र केलं आणि यशवंताचा हक्क कागदावर आणला. आपल्यामागे भाऊबंद काय म्हणतील, हे ते जाणून होते. माया मनात असते, पण माणूस गेल्यावर ती दाखवायला कागदच लागतो. आपल्या गावांत माया पुष्कळ आहे. उणीव असते ती कागदाची. म्हणून आता थोडं कागदाविषयी बोलतो.

पहिला कागद मृत्यूच्या दाखल्याचा. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करावी. दुःखात ते राहून जातं, आणि मग वर्षानुवर्षं प्रत्येक कचेरीत हाच दाखला मागतात.

दुसरा कागद वारसनोंदीचा. बाप गेला आणि त्याच्या नावावर जमीन असली, तर तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, अर्ज करून मुलांची नावं सातबाऱ्यावर लावून घ्यावीत. मूल लहान असलं तर नावापुढे 'अ. पा. क.' असा शेरा पडतो, म्हणजे अज्ञान पालनकर्ता अमुक. काका चांगला आहे, कशाला घाई, असं म्हणू नये. काका चांगला आहे तोवरच हे काम करावं. त्याने स्वतः पुढाकार घेतला तर त्याचाही मान राहतो आणि पुढच्या पिढीतलं भांडण मिटतं.

तिसरा कागद बालसंगोपनाचा. आईबाप गेलेल्या, किंवा दोघांपैकी एकच उरलेल्या गरजू मुलाला घरातच वाढता यावं, अनाथाश्रमात जावं लागू नये, म्हणून महाराष्ट्र सरकारची बालसंगोपन योजना आहे. तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलेलं आहे. पूर्वी या योजनेत महिन्याला ११०० रुपये मिळत. २०२३ साली ती रक्कम २२५० रुपये झाली. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत ही मदत मिळू शकते. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात करायचा. मंजुरी बालकल्याण समिती देते. ही समिती प्रत्येक जिल्ह्यासाठी असते, एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत निदान एक तरी स्त्री. मृत्यूचा दाखला, आधार कार्ड, शाळेचा बोनाफाइड दाखला, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक असे कागद लागतात. सत्तर वर्षांच्या आजीला हे सारं गोळा करून जिल्ह्याच्या गावी जाणं सोपं आहे का? एसटीच्या दोन गाड्या बदलायच्या, खिडकीपाशी उभं राहायचं, आणि एक झेरॉक्स कमी म्हणून परत यायचं. गावातला एखादा शिकलेला तरुण, एखादे गुरुजी, अंगणवाडीच्या ताई तिच्याबरोबर गेल्या, तर ते मोठं पुण्याचं काम होईल.

आता दत्तकाविषयी. आपल्याकडे अजून असं होतं, की एखादी मुलगी अडचणीत सापडते, दवाखान्यात बाळंत होते, आणि कुणीतरी मध्यस्थ म्हणतो, "एका घरी मूल नाही, त्यांच्या ओटीत घालू, कुणाला कळणार नाही." घेणाऱ्यांचं मन चांगलं असतं. पण अशी हातोहात देवघेव कायद्याने गुन्हा आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्हीही सांगितलेलं आहे. पैशाचा व्यवहार असला तर शिक्षा त्याहून जड. कायदा एवढा कडक का? कारण चोरून आणलेलं मूल आणि मायेने घेतलेलं मूल, ही दोन्ही अशा अंधारात सारखीच दिसतात.

सरळ वाट अशी. ज्या आईला बाळ सांभाळणं शक्य नाही, तिने बालकल्याण समितीपुढे जावं. तिथे तिला कुणी दोष देत नाही. बाळ सोपवल्यावर फेरविचारासाठी तिला दोन महिने मिळतात. मन बदललं तर बाळ परत घेता येतं. ज्यांना मूल हवं, त्यांनी केंद्रीय दत्तक संस्थेच्या संकेतस्थळावर नाव नोंदवावं. हा मार्ग कोणत्याही धर्माच्या माणसाला खुला आहे. थांबावं लागतं, हे खरं. पण अखेरचा हुकूम पूर्वी कोर्ट देई, तो २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. काका-मामांना, आजीआजोबांना आपल्याच नात्यातलं मूल रीतसर दत्तक घ्यायचं असेल, तर त्याचीही सोय याच कायद्यात आहे. आणि दत्तक न घेता काही काळापुरतं मूल घरी सांभाळण्याची, म्हणजे प्रतिपालकत्वाचीही सोय आहे. त्यात घराची पाहणी होते, समिती देखरेख ठेवते.

आणखी एक नाजूक गोष्ट. दत्तक घेतलेल्या मुलाला ते सांगावं की सांगू नये? बरीच माणसं म्हणतात, "मोठा झाला की सांगू." पण मोठा होण्याआधीच त्याला ते कुणीतरी सांगतं, विहिरीवर, लग्नाच्या मांडवात, नाहीतर शेतीच्या भांडणात, वाईट शब्दांत. मग मुलाला वाटतं, ज्यांनी लपवलं त्यांनी आणखी काय काय लपवलं असेल? त्यापेक्षा तीन-चार वर्षांचं असल्यापासून आईनेच मांडीवर घेऊन गोष्टीसारखं सांगावं, "तू दुसऱ्या आईच्या पोटी आलास, आणि आम्ही तुला घरी आणलं, त्या दिवशी आम्ही पेढे वाटले." आईच्या तोंडून आलेलं सत्य मुलाला बोचत नाही. जे मूल मावशीकडे वाढतं आहे, त्यालाही त्याच्या आईविषयी बोलू द्यावं. तिचा फोटो भिंतीवर असू द्यावा. त्याने मावशीची माया कमी होत नाही.

आणि आपण गावकऱ्यांनी? 'बिचारा', 'पोरका', 'दुसऱ्याच्या जिवावर वाढलेला' हे शब्द मुलासमोर उच्चारू नयेत. "मामी जेवायला देते ना नीट?" असं कुजबुजत विचारू नये. मात्र मुलाच्या अंगावर वळ दिसले, ते शाळेतून काढून कामाला जुंपलं, लहानपणीच मुलीचं लग्न ठरवलं, तर गप्पही बसू नये. प्रत्येक गावासाठी ग्राम बाल संरक्षण समिती असते, सरपंच तिचे अध्यक्ष असतात; त्यांना सांगावं. नाहीतर १०९८ या क्रमांकावर फोन करावा. तो दिवसरात्र चालू असतो आणि फोनला पैसे पडत नाहीत.

तर श्रोतेहो, आपल्या आळीत अशी एखादी मावशी, आजी, मामी असेल, तर उद्या तिच्या ओट्यावर जाऊन बसा. मुलाची चौकशी कराच, पण आधी तिची करा. तिची पाठ दुखते का, दाखला निघाला का, तालुक्याला जायला कुणी सोबत आहे का, हे विचारा. म्हणीतली मावशी जगायची असेल, तर तिच्यामागे गावाने उभं राहिलं पाहिजे.