पोर्तुगीज भाषेचा श्रीगणेशा
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



व्याख्यानाचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. गोवा 1961 साली मुक्त झाला. मग गेलेल्या परक्या सत्तेची भाषा आता कशाला शिकावयाची? ज्यांचे मूळ गोव्यात आहे, त्यांच्या माळ्यावरील जुन्या पेट्यांत या शंकेचे उत्तर आहे.

आमच्याही घरी अशी एक पेटी होती. तीतील कागदांचा अर्थ घरात कोणासही लागत नसे. उतारवयात आम्ही ही भाषा शिकावयास बसलो. काही महिन्यांनी, पणजोबांनी विकलेल्या एका जमिनीच्या खताची नक्कल वाचताना 'सुआ मुल्येर', म्हणजे 'त्याची पत्नी', हे शब्द आढळले आणि त्यांच्याशेजारी पणजीचे नाव! आमच्या वंशावळीत केवळ पुरुषांची नावे आहेत. तिचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870 पासून गोव्यात लागू झाली. तिच्याप्रमाणे पत्नीच्या संमतीवाचून पतीला स्थावर मिळकत विकता येत नसे. म्हणून तिचे नाव खतात आले. आम्ही जे विसरलो, ते परक्या भाषेने जपून ठेवले होते.

आता प्रारंभ कसा करावा, ते सांगतो.

प्रथम भीती सोडावी. पाव, बटाटा, काजू, अननस, चावी, लिलाव हे शब्द आपण पोर्तुगिजांकडूनच घेतले आहेत. अंकही दूरच्या नात्यातले वाटतात: दोनला 'दोइश', सातला 'सेत', नऊला 'नॉव'.

दुसरी गोष्ट उच्चाराची. रोमन लिपीतील 'एल' व 'एच' जोडून आले की 'ल्य' वाचावा. 'एन' व 'एच' आले की 'न्य'. शब्दाच्या शेवटचा 'ओ' बहुधा 'उ' होतो आणि 'एस' हा 'श' होतो. नाकातून उच्चारावयाचे स्वर कोकणच्या माणसास शिकवावे लागत नाहीत.

तिसरी गोष्ट व्याकरणाची. तीन लिंगे सांभाळणाऱ्या आपणांस येथे दोनच सांभाळावयाची आहेत. आभार मानताना पुरुष 'ओब्रिगादु' म्हणतो, स्त्री 'ओब्रिगादा'. 'मी आलो', 'मी आले' म्हणणाऱ्यांना यात नवीन ते काय? 'असणे' याला मात्र दोन क्रियापदे आहेत. 'मी मराठी आहे' येथे 'सेर', तर 'मी थकलो आहे' येथे 'श्तार' वापरावयाचे.

मग दस्तांतील नित्याचे शब्द पाठ करावेत: 'फिल्यु' म्हणजे मुलगा, 'फिल्या' म्हणजे मुलगी, 'पाल्मार' म्हणजे माडांची बाग, 'नॉर्त' म्हणजे उत्तर, 'सुल' म्हणजे दक्षिण. रोज अर्धा तास पुरे. पण नेम चुकू नये. गोवा विद्यापीठात ही भाषा शिकविली जाते. तरुणांनी त्याचा अवश्य लाभ घ्यावा. इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकर यांनी या भाषेतील दप्तरे वाचूनच मराठ्यांच्या इतिहासावर नवा प्रकाश पाडला, हे विसरू नये.

1961 पूर्वी ही भाषा शाळेत शिकलेली वडीलधारी मंडळी आता थोडीच उरली आहेत. ती आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून एक तरी कागद वाचून घ्यावा. पुढील संमेलनास प्रत्येक घराने आपल्या पेटीतील एक विसरलेले नाव घेऊन यावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.