पांढरपेशा गुन्ह्याला नाव देणारे प्राध्यापक



‘गुन्हेगार’ हा शब्द कानी पडताच जे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते, त्यात इस्त्रीचे कपडे ल्यालेला, चारचौघांत मान असलेला गृहस्थ सहसा नसतो. हे चित्र अपुरे आहे, असे साधार सांगणाऱ्या एडविन सदरलंड या अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञाच्या कार्याचे आज स्मरण करावयाचे आहे.

सदरलंड यांचा जन्म १८८३ साली नेब्रास्का राज्यात, एका बाप्टिस्ट धर्मोपदेशकाच्या घरी झाला. १९१३ मध्ये शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून त्यांनी आयुष्य अध्यापनाला वाहिले. १९२४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा गुन्हेशास्त्रावरील ग्रंथ विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासला.

गुन्हेगारी रक्तातून उतरत नाही आणि केवळ दारिद्र्यातूनही उपजत नाही. ती निकटच्या सहवासात शिकली जाते, हा त्यांचा सिद्धान्त. कायदा मोडण्याचे तंत्र आणि तो मोडण्याचे समर्थन, दोन्ही माणूस आपल्याच वर्तुळातून उचलतो. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ असे आपल्याकडचा शेतकरी म्हणतो, ते याहून फार निराळे नाही.

हाच विचार त्यांनी प्रतिष्ठितांना लावला. डिसेंबर १९३९ मध्ये फिलाडेल्फिया येथे अमेरिकन समाजशास्त्रीय संस्थेच्या अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी ‘व्हाईट कॉलर’ गुन्हेगाराची संकल्पना मांडली. प्रतिष्ठित व्यक्तीने आपल्या व्यवसायाच्या ओघात केलेला गुन्हा, असा तिचा आशय. पुढे १९४९ च्या ग्रंथात त्यांनी ७० मोठ्या कंपन्यांविरुद्धचे ९८० निर्णय तपासले. त्यांपैकी फौजदारी न्यायालयांचे निर्णय केवळ १५८ होते. कायदा मोडला होता. पण गुन्हेगार हा शिक्का बहुतेकांना चिकटला नव्हता.

या मांडणीवर आक्षेपही आले. न्यायालयाने दोषी ठरविल्याविना कोणास गुन्हेगार म्हणता येणार नाही, असे पॉल टॅपन यांनी १९४७ साली बजावले. तो मुद्दा सहज झटकण्याजोगा नव्हे. परंतु नियतीचा खेळ असा, की बदनामीच्या दाव्याच्या भयाने सदरलंड यांच्याच ग्रंथातून कंपन्यांची नावे वगळावी लागली. १९५० मध्ये ते निवर्तले. नावांसह संपूर्ण ग्रंथ प्रकाशात यावयास १९८३ साल उजाडले. प्रतिष्ठेचे कवच किती जाड असते, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

भारतातही विधी आयोगाने १९७२ च्या ४७व्या अहवालात सामाजिक व आर्थिक गुन्ह्यांचे खटले आणि शिक्षा यांचा स्वतंत्र विचार केला. परंतु कायदा उंबरठ्यापर्यंतच येतो. सहवास घरात असतो. करचुकवेगिरीला ‘व्यवहारचातुर्य’ आणि लाचेला ‘चहापाणी’ म्हणणारे शब्द मुले आपल्याच बैठकीत ऐकतात. खिसेकापूला पाहून आपण दार लावून घेतो. या पाहुण्याला मात्र पाट मांडतो.

तो पाट उचलणे, हे आपल्याच हाती आहे.