आधी दर सांगा, मग कूलर उघडा



दोन-तीन गावांतल्या गटांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. कूलर दुरुस्तीचं काम तर शिकलो, पण पैसे किती मागायचे आणि कसे मागायचे? आजचं बोलणं त्यावरच आहे. आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या. गट दहा जणींचा, त्यातल्या आम्ही चौघी कूलरचं काम करतो. गवत बदलणं, पंप बसवणं, मोटर तपासणं, वायरिंग नीट करणं एवढं सगळं. हंगाम होळीपासून मृगापर्यंत, म्हणजे जेमतेम तीन महिने. त्या दिवसांत जेवायला फुरसत नसते आणि पाऊस पडला की फोन बंद.

पहिला मुद्दा हिशेबाचा. मोठ्या लोखंडी कूलरच्या तिन्ही बाजूंचं गवत बदलायचं आहे असं धरा. गवत २४० रुपयांचं, येण्याजाण्याचं पेट्रोल ४०, तार-टेप-स्क्रू असं किरकोळ २०. झाले ३००. आता मजुरी. दोघी जणी दीड तास राबल्या, म्हणजे तीन तास. त्याचे किती लावायचे?

आमच्या बैठकीत पहिली सूचना आली ती निंदणाच्या रोजीची. रोजी २४० धरली तर आठ तासांचे २४०, तासाला ३०, तीन तासांचे ९०. बरोबर वाटतं ना? पण थोडं थांबून बघा. निंदणाला खुरपं घेऊन गेलं की काम सुरू होतं. इथं मल्टिमीटर लागतो, टेस्टर, पकड, पान्हे लागतात, ते झिजतात, हरवतात. शिकायला महिने गेले, त्या दिवसांची रोजी बुडाली ती वेगळीच. आणि काम वर्षातले तीनच महिने. शिवाय आणखी एक गोष्ट आहे, ती बोलायला हवी. निंदणाची रोजी कमी आहे ती काम हलकं आहे म्हणून नाही, ते काम बायका करतात म्हणून. त्याच शेतात फवारणी करणाऱ्या गड्याची रोजी जास्त असते हे आपण सगळ्या पाहतो. तोच कमी भाव आपण आपल्या हातानं नव्या धंद्यात कशाला न्यायचा? आम्ही तासाचे ८० रुपये धरले. तीन तासांचे २४०. एकूण ५४०. हे आकडे आमचे आहेत. तुमच्याकडे गवत स्वस्त मिळत असेल, गाव लांब असेल, तर आकडे बदला. पण मजुरीचा रकाना वेगळा ठेवा.

रकाना वेगळा का, तर गिऱ्हाइकाशी भांडण तिथंच होतं. मोटर नुसती गुणगुणते, पंखा हातानं फिरवला की फिरतो. बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो. कंडेन्सर ७० रुपयांचा, आणि आमचं बिल होतं २२०. मग ऐकावं लागतं, "काऊन वो बाई, सत्तरच्या मालाचे दोनशे वीस?" अशा वेळी पुष्कळ जणी ओशाळतात आणि ५० रुपये सोडून देतात. काहीजण दुसरी युक्ती करतात, कंडेन्सरच १५० चा आहे असं सांगतात. ही युक्ती करू नका. दुकान सगळ्यांनाच माहीत आहे, उद्या गिऱ्हाईक तिथं जाऊन भाव विचारेल आणि मग तुमचा खरा भावही खोटा ठरेल. आम्ही सरळ सांगतो, "काका, माल सत्तरचा. मोटर जळली नाही, फक्त कंडेन्सर गेला हे ओळखायचे आणि बसवायचे दीडशे. मोटर जळली म्हणून नवी गळ्यात मारली असती तर किती लागले असते?" आणि जुना कंडेन्सर त्यांच्या हातात देतो. जुना माल गिऱ्हाइकाचा असतो, तो पिशवीत टाकून आणायचा नाही.

दर आधी सांगायचा. कूलरची जाळी काढण्याआधी. उघडलेल्या कूलरसमोर भाव ठरवणं म्हणजे गिऱ्हाइकाला अडवून ठेवणं, त्याला तसंच वाटतं आणि ते चूकही नाही. आमचा नियम असा की बघायला येण्याचे १०० रुपये, काम करून घेतलं तर ते मजुरीत वळते. उघडल्यावर आणखी काही खराब निघालं तर हात थांबवायचा, घरच्यांना दाखवायचं, नवा आकडा सांगायचा, हो म्हणाले तरच पुढं.

या १०० रुपयांवरूनच सगळ्यात जास्त बोलणी खावी लागतात. तक्रार असते, "कूलर थंडच करत नाही जी." जाऊन बघावं तर पंप चालू, गवत ओलं, पंखा जोरात आणि खोलीची सगळी दारं-खिडक्या बंद! एसी बंद खोलीत चालतो म्हणून कूलरही तसाच लावतात. कूलर पाण्याच्या वाफेवर चालतो. कोरडी हवा ओल्या गवतातून येते, पाणी उडतं आणि हवेतली उष्णता घेऊन जातं. खोली बंद असली की तीच दमट हवा फिरत राहते, गार होत नाही, अंग मात्र चिकचिकतं. समोरची खिडकी उघडली की काम झालं. आता खिडकी उघडण्याचे १०० रुपये घ्यायचे का? आमच्यात यावर दोन मतं होती आणि आजही आहेत. एकीचं म्हणणं, पैसे घेतले तर गावभर होईल. दुसरीचं म्हणणं, डॉक्टर औषध न देता परत पाठवतो तेव्हा फी सोडतो का? शेवटी आम्ही पैसे घेतो, पण त्याच खेपेत पंपाची जाळी साफ करून देतो, गवतावर साचलेला क्षार दाखवतो. आणि फोनवरच आधी विचारतो, "खिडकी उघडी आहे का? पंपातून पाणी वर चढतंय का?" अर्ध्या खेपा तिथंच वाचतात. त्या फोनचे पैसे नाहीत. तेच गिऱ्हाईक पुढच्या साली गवत बदलायला आपल्याकडे येतं.

एका गोष्टीत मात्र स्वस्त दर नाही. लोखंडी कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात पाणी भरणाऱ्या बायका आणि खेळणारी लेकरं असतात. कोणी म्हणतं, "तीन पिनचा प्लग राहू द्या, दोन पिनचा लावा, शंभर कमी करा." आम्ही काम सोडतो. तीन पिनचा प्लग, तिसरी वायर कूलरच्या अंगाला घट्ट जोडलेली, आणि निघण्याआधी टेस्टर पत्र्याला लावून बघायचं. घरातच अर्थिंग नसेल तर आमची तिसरी वायर काय करणार? ते घरच्यांना सांगायचं आणि बिलावर लिहायचं. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायला सांगायचं. हे सांगायचे पैसे नाहीत, पण न सांगता बाहेर पडायचं नाही.

उधारी. मे महिना म्हणजे लग्नसराई आणि पेरणीची तयारी, कापसाचे पैसे संपलेले. म्हणून मालाचे पैसे रोख, मजुरी हवी तर महिनाभर थांबू. हा नियम मावशीला, जावेला, सरपंचबाईंनाही. गटातल्या बाईच्या घरी मजुरी अर्धी, माल पूर्ण भावानं. माल आपण दुकानातून रोखीनं आणतो, तो फुकट वाटला तर पुढच्या गिऱ्हाइकाचा पंप आणायला पैसे उरत नाहीत.

पारा ४५ च्या वर गेला की शहरातले काही मिस्त्री दर दुप्पट करतात. आपण करायचे का? आम्ही करत नाही. त्याऐवजी होळीच्या आधी काम देणाऱ्याला मजुरीत सवलत देतो. आमच्यातली एक हसून म्हणाली, "हे तर तेच झालं, उलट्या बाजूनं!" असेल. पण फेब्रुवारीत सवलत मिळालेलं माणूस खूश असतं आणि मेमध्ये दुप्पट घेतलेलं माणूस लक्षात ठेवतं. शिवाय कामं मागे-पुढे वाटली जातात. मे महिन्यात नंबर लावताना बाळंतीण किंवा आजारी म्हातारं माणूस असलेलं घर आधी. हे बाकीच्यांना सांगून करायचं, गुपचूप नाही.

बिलाविषयी थोडं. दोन प्रतींचं बिलबुक घ्या. तारीख, माल, मजुरी, हमी किती दिवसांची आणि कशाची, एवढं लिहा. पंपाची हमी कंपनीची असेल तर दुकानाचं बिल सोबत जोडा. आपण बसवलेलं कनेक्शन सुटलं तर पंधरा दिवसांत फुकट येऊ, गवतात माती भरली तर नाही, हे शब्दांत लिहा. माल आणि काम मिळून वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. आणि नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावताही येत नाही. गिऱ्हाइकाला तक्रार करायची तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. आम्ही तो बिलाच्या खाली आमच्या नंबरासोबत छापून घेतला आहे. छापखान्यातल्या भावानं विचारलं, "स्वतःच्याच विरुद्ध नंबर कशाला छापता?" कशाला ते त्याला कळलं नाही, पण त्याच्या घरच्या कूलरचं गवत बदलायला त्यानं पुढच्या आठवड्यात आम्हालाच बोलावलं. पूर्ण भावानं.