सुट्टीतला सराव

(सांगवी परिसरातील महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीचा विषय आहे, 'मुली आणि त्यांचा स्वतःचा वेळ'. या विषयावर मी हॉकीबद्दल बोलणार आहे असं कळल्यावर आपल्यातल्या दोघी-तिघी हसल्या. साहजिक आहे. मी काही हॉकीची जुनी जाणकार नव्हे. मार्च २०२४ मध्ये पिंपरीत, नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर महिलांची वरिष्ठ गटाची राष्ट्रीय स्पर्धा झाली. महाराष्ट्राच्या मुली अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या आणि हरियाणाकडून हरल्या. तेव्हापासून मला या खेळाची गोडी लागली. खेळ नव्यानं आवडू लागला की सामन्यांवर भागत नाही. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत, शाळांना सुट्टी असताना, आमच्या भागातल्या एका मैदानावर लहान मुलींचा सराव पाहायला मी सकाळी जाऊ लागले.

सराव पाहण्यात सामन्याची गंमत नसते. एकच गोष्ट पन्नास वेळा चाललेली असते. मुली कंबरेत वाकून, चेंडू स्टिकला चिकटवून, शंकूंच्या मधून पळवतात. हॉकीची स्टिक एकाच बाजूनं सपाट असते आणि चेंडू त्याच बाजूनं मारायचा असतो. त्यामुळे डावीकडचा चेंडू घ्यायचा तर मनगट फिरवून स्टिक उलटी करावी लागते. हे मनगट तयार व्हायला महिनेच्या महिने जातात. त्यातून मैदान मुरमाचं. मुरमावर चेंडू उसळतो, खड्याला लागून वळतो. सामने मात्र आता टर्फवर होतात आणि तिथे चेंडू सरळ, वेगानं धावतो. म्हणजे या मुलींना एकच खेळ दोनदा शिकावा लागतो.

हे सगळं मी का सांगते आहे? शाळांच्या स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात. तेव्हा संघात कोण असणार, हे पुष्कळसं या सुट्टीत ठरतं. ज्या मुली उन्हाळाभर येतात त्या पुढे जातात. ज्या येऊ शकत नाहीत त्या मागे पडतात. आणि कोण येऊ शकतं हे मुलीच्या खेळावर ठरत नाही, घरावर ठरतं.

एप्रिलच्या सुरुवातीला त्या मैदानावर दोन संघ पडतील एवढ्या मुली होत्या. मे संपताना एक संघ पुरा करायला मुली मोजाव्या लागत. मी विचारत गेले. एकीची आई भोसरीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाते, त्यामुळे धाकट्या भावाला सांभाळायला ती घरी. शहरात नोव्हेंबर २०१९ मध्ये एक दिवसाआड पाणी सुरू झालं, तेव्हापासून एकीच्या घरी पाण्याचा दिवस म्हणजे तिच्या सरावाची सुट्टी. एक गावी गेली ती परत आलीच नाही, तिच्यासाठी स्थळं पाहायला लागलेत म्हणे. एकीची पाळी सुरू झाली आणि मैदानाजवळ संडास नाही. यातल्या एकीनंही 'मला हॉकी आवडत नाही' असं सांगितलं नाही. त्याच मैदानावर मुलंही खेळतात. घरी पाणी भरायचं आहे म्हणून सराव चुकलेला मुलगा मला भेटला नाही.

एक आई मला म्हणाली, "ताई, खेळून काय होणार? शेवटी तिला घरच सांभाळायचंय." या आईला दोष देऊन आपण सुटू शकत नाही. खेळून पुढे गेलेली बाई तिनं पाहिलेलीच नाही. खडकी आपल्याला नदीपलीकडे. खडकीचा हॉकीपटू म्हटलं की पोरंसोरंही धनराज पिल्लेचं नाव घेतात. घ्यावंच. पण १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार, एलिझा नेल्सन, पुण्याचीच. तिचं नाव इथे कितीजणींनी ऐकलं आहे? ऑलिंपिकमध्ये महिला हॉकी पहिल्यांदा १९८० साली मॉस्कोत आली. आपल्या मुली तिथे चौथ्या आल्या. त्यानंतर ऑलिंपिकला पोचायला २०१६ साल उजाडलं. छत्तीस वर्षं! या काळात किती पोरींनी स्टिक हातातून खाली ठेवली असेल?

तरी वाट नाहीच असं नाही. फलटण तालुक्यातल्या वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे या क्रीडा प्रबोधिनीतून तयार झाल्या. २०२२ च्या कनिष्ठ विश्वचषकात दोघी भारताकडून खेळल्या. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ब्राँझपदक मिळवणाऱ्या संघात वैष्णवी होती. प्रबोधिनीत राहणं, जेवण, सराव यांची सोय असते. म्हणजे मुलीच्या डोक्यावरचा घरकामाचा बोजा उतरला आणि वेळ मिळाला, की गावातली मुलगीही तिथवर जाते. पण प्रबोधिनीत निवड होण्याआधीची दोन-तीन वर्षं मुलीला आपल्याच वस्तीतल्या मैदानावर काढायची असतात. त्या वर्षांत तिच्या पाठीशी कोण आहे?

आता सुरक्षिततेबद्दल. २०२३ मध्ये महिला कुस्तीगीर दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. सांगायचं हे की, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात 'कामाचं ठिकाण' या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडा संकुल आणि स्पर्धेची जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सराव चालतो ती जागाही त्यात येते. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. पण मैदानावर एकही मोठी बाई नसेल तर बारा वर्षांची मुलगी सांगणार कुणाला? त्या मैदानावरचे सर तळमळीनं शिकवतात, याबद्दल शंका नाही. पण सर चांगले आहेत म्हणून व्यवस्था लागत नाही असं होत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. येत्या सुट्टीत प्रत्येक गटानं आपल्या भागातलं एक मैदान धरावं. आठवड्यातून दोन सकाळी दोघींनी तिथे जाऊन बसावं. सरावाचा तास पाहावा, मुलींची नावं माहीत करून घ्यावीत. जी मुलगी आठवडाभर आली नाही तिच्या घरी जाऊन यावं, आईशी आणि वडिलांशीही बोलावं. 'पाणी भावानं भरलं तर काय बिघडेल?' हा प्रश्न त्या घरात विचारावा. संडास, पाणी आणि कपडे बदलायला आडोसा या तीन गोष्टींसाठी आयांच्या सह्यांचा अर्ज वॉर्डात द्यावा. तक्रार कुणाकडे करायची, त्या बाईचं नाव आणि फोन मैदानावर लावावा.

आपण शिबिरं घेतो, मोर्चे काढतो, ते करायलाच हवं. मैदानावर बसणं हेही कामच समजू या. आणि जाल तेव्हा खेळही पाहा. गोलरक्षक मुलगी तिच्यापेक्षा मोठे पॅड बांधून उभी असते आणि अंगावर आलेला चेंडू पायानं अडवते, तेव्हा टाळ्या वाजवा. त्या टाळ्या वाजवायला सध्या तिथे कुणी नसतं.

कुठल्या गटानं कुठलं मैदान घ्यायचं, ते आज इथून उठायच्या आधी ठरवू या.