सोळा गावांची यादी

आज गप्पांच्या आधी एक दुरुस्ती करायचीय. मागच्या एका भागात मी बोलता बोलता ठोकून दिलं होतं की सोळा गावं मिळून झालं ते सोलापूर. लहानपणापासून हेच ऐकलेलं, त्यामुळे तपासावं असं डोक्यातच आलं नाही. तो भाग ऐकून आमच्या गल्लीतल्या एका आजींनी मला जिन्यातच गाठलं. त्यांच्या घरी कन्नड बोलतात. म्हणाल्या, "सोळा गावं मोजलास रे, मग आमच्या सिद्धरामाची सोन्नलगी कुठं गेली?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून त्या सोळा गावांची यादीच काढून बसलो. आदिलपूर, अहमदपूर, चपळदेव, फतेहपूर, जामदारवाडी, खादरपूर, मुहम्मदपूर, राणापूर, शेखपूर... आणि याच यादीत सोनलगी आहे, सोनापूर आहे, संदलपूर आहे, आणि चक्क सोलापूरपण आहे! आता सांगा, सोळा गावं मिळून सोलापूर हे नाव पडलं असेल, तर त्या सोळांत आधीपासून सोलापूर कसं? आमच्या कामात असं झालं तर प्रोग्राम स्वतःलाच हाक मारत अडकून बसतो.

दुसरं म्हणजे काळ. आदिलपूर, मुहम्मदपूर ही नावं उघडच सुलतानी काळातली. सिद्धरामेश्वर बसवण्णांच्या काळातले, म्हणजे 12व्या शतकातले. कल्याणीच्या कलचुरींच्या वेळच्या लेखांत गावाचं नाव सोन्नलगे असं येतं. मोहोळ तालुक्यातल्या कामतीला शके 1238 चा, म्हणजे इसवी सन 1316 च्या सुमाराचा संस्कृत लेख आहे, त्यात सोनलीपूर. किल्ल्यातल्या एका लेखात सोनलपूर, आणि तिथल्याच विहिरीवरच्या लेखात संदलपूर. सोनलपूरमधला 'न' बोलता बोलता गळाला की उरतं सोलापूर. इंग्रजांनी त्याचं पुढं शोलापूर केलं, ते वेगळंच.

'ळ'चा मुद्दाही मला आधी फार भारी वाटला होता. मराठीत सोळा, मग गाव सोळापूर का नाही? पण इथं दख्खनीही घरोघरी बोलतात आणि तिच्यात 'सोला'च म्हणतात. तेव्हा तेवढ्यावर उड्या मारण्यात अर्थ नाही. लेखांचा पुरावा मात्र मला पटतो.

घरी हे सांगितलं तर वडील वैतागले. "म्हणजे गावाचं नाव कन्नड म्हणायचं का आता?" सीमावादाच्या बातम्या वाचत मोठी झालेली पिढी, त्यांचा राग मला कळतो. पण मी एवढंच विचारलं, की संक्रांतीला सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात, तेव्हा तुम्ही कधी कुणाला त्याची भाषा विचारलीत का? ते काही बोलले नाहीत. टीव्हीचा आवाज वाढवला.

आजींना काल परत भेटलो. चूक कबूल केली, आजच्या भागात दुरुस्ती करतो म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, "ते कर. पण सोन्नलगी नीट म्हण की, दोन 'न' आहेत त्यात." जिन्यात उभं करून माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

तर मंडळी, सोन्नलगी. आता आजच्या विषयाकडे वळू.