रॅकेटचे वजन

जयपूरला मे महिन्यात सूर्य मावळला तरी दिवसभर तापलेल्या भिंती रात्रीपर्यंत निवत नाहीत. क्लबच्या टेनिस कोर्टावर खेळ सुरू होतो तो दिवे लागण्याच्या सुमारास. खेळणारे बहुतेक पन्नाशीच्या अलीकडचे-पलीकडचे गृहस्थ असतात. कोणी सचिवालयातून येतो, कोणी जवाहिऱ्याची पेढी बंद करून, तर कोणी इस्पितळातील फेरी आटोपून. आठवड्यातून तीन-चार दिवस दुहेरीचे दोन-तीन सेट खेळावेत, लिंबूपाणी घ्यावे आणि घरी जावे, एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा. अशा खेळाडूंत एक जुना वाद आहे, आणि तो जयपूरला आहे तसाच पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर किंवा नागपूरच्या एखाद्या क्लबातही ऐकू येतो. रॅकेट जड असावी की हलकी?

वादाचे निमित्त बहुधा असे असते. एका गृहस्थाने दुकानदाराच्या सल्ल्याने २७० ग्रॅमची हलकी रॅकेट घेतलेली असते. हाताला ती पिसासारखी वाटते. पण समोरून जोराचा फटका आला की मुठीत गर्रकन वळते, आणि अडवलेला चेंडू जाळ्याच्या पायथ्याशी पडतो. वर्षभराने कोपर दुखू लागते. मग एखादा स्नेही आपली जुनी, ३४० ग्रॅमची रॅकेट त्याच्या हाती देतो. पहिल्या सेटमध्ये चमत्कार घडतो. जाळ्याजवळचे फटके खणखणीत बसतात, रॅकेट हातात हलत नाही. दुसरा सेटही बरा जातो. तिसऱ्या सेटमध्ये मात्र सर्व्हिस जाळ्यात जाऊ लागते आणि फोरहँडला नेहमी क्षणभर उशीर होतो. त्या संध्याकाळी स्नेही म्हणतो, "पाहिलेत ना, जड रॅकेटची मजा?" आणि गृहस्थ म्हणतो, "पाहिली, खांदाही पाहिला!" दोघांचेही म्हणणे खरे असते, आणि म्हणूनच वाद मिटत नाही.

एके काळी हा प्रश्नच नव्हता. रॅकेट लाकडाची असे आणि लाकूड जड असे. ॲश वृक्षाच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून, वाकवून चौकट करीत. तिचे वजन तेरा ते चौदा औंस, म्हणजे पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास भरे. पावसाळ्यात ती वाकू नये म्हणून चार स्क्रूंच्या लाकडी प्रेसमध्ये आवळून ठेवावी लागे. जुन्या घरांच्या माळ्यावर असे प्रेस अजूनही सापडतात. फाळणीपूर्वी क्रीडासाहित्याचा मोठा धंदा सियालकोटला होता. १९४७ नंतर तेथील अनेक कारागीर जालंधरला येऊन वसले आणि तो धंदा तेथे नव्याने उभा राहिला. १९३९ साली विंबल्डनची उपान्त्यपूर्व फेरी गाठणारा गौस महंमद आणि १९६० व १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे उपान्त्य फेरीत पोचलेला रामनाथन कृष्णन हे दोघेही लाकडी रॅकेटच्या युगातले. कृष्णनचा खेळ ताकदीचा नव्हता, नजाकतीचा होता. जड रॅकेट म्हणजे धसमुसळा खेळ, ही समजूत कृष्णनच्या एका नावानेच खोटी पडते.

पुढे धातू आला. फ्रान्सच्या रने लाकोस्तने कल्पिलेली पोलादी रॅकेट १९६७ साली विल्सन कंपनीने बाजारात आणली आणि जिमी कॉनर्सने ती गाजवली. १९७६ साली हॉवर्ड हेडने अतिरुंद डोक्याची ॲल्युमिनियमची रॅकेट आणली. जुन्या रॅकेटचा चेहरा सुमारे ६५ ते ७० चौरस इंचांचा, तर हिचा ११० चौरस इंचांच्या घरातला. पाठोपाठ कार्बन तंतूंची चौकट आली. हा पदार्थ इतका ताठ व हलका, की चौकटीचे वजन ही आता नाइलाजाची बाब उरली नाही. १९८७ नंतर विंबल्डनमध्ये लाकडी रॅकेट दिसली नाही. आज दुकानात २६० ग्रॅमपासून ३४० ग्रॅमपर्यंत हवे ते वजन मिळते. निवड आली आणि तिच्याबरोबर मनस्तापही आला.

त्यात भर पडली ती विजेत्यांच्या अनुकरणाची. १९३८ साली एकाच वर्षात चारही प्रमुख स्पर्धा जिंकणारा डॉन बज सुमारे सोळा औंसांची रॅकेट वापरीत असे. अगदी अलीकडच्या काळातला पीट सॅम्प्रस लहान डोक्याच्या रॅकेटला शिशाच्या पट्ट्या चिकटवून तिचे वजन चारशे ग्रॅमच्या आसपास नेत असे. हे वाचून क्लबातला खेळाडू आपल्याही रॅकेटला शिसे लावतो. सॅम्प्रसचा खांदा त्याला चिकटवता येत नाही, हे त्याच्या लक्षात जरा उशिरा येते.

मग खरे काय? येथे थोडे पदार्थविज्ञान पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. चेंडू जाळीला टेकतो तो सेकंदाचा सुमारे दोनशेवा भाग. एवढ्या अवधीत मनगटाची वा दंडाची ताकद मधे पडूच शकत नाही. त्या क्षणापुरती रॅकेट जणू हातातून सुटलेली असते. चेंडू साधारण ५७ ग्रॅमचा. त्याला रॅकेटचे सगळे वजन भेटत नाही; जाळीच्या मध्याशी भेटते ते सुमारे निम्मे. समजा, हलक्या रॅकेटचे असे परिणामकारक वजन १५० ग्रॅम आहे आणि जड रॅकेटचे १८०. स्थिर धरलेल्या रॅकेटवर ताशी १०० किलोमीटर वेगाने चेंडू आदळला, तर गणिताप्रमाणे तो हलक्या रॅकेटवरून ३४ किलोमीटरच्या वेगाने परतेल आणि जड रॅकेटवरून ४० च्या. हा फरक किरकोळ नव्हे. जवळजवळ पाचव्या हिश्श्याचा आहे. जाळ्याजवळची व्हॉली किंवा जोराच्या सर्व्हिसला दिलेले उत्तर, यांत रॅकेट फारशी फिरवायची नसते, नुसती आडवी धरायची असते. पन्नाशीतल्या दुहेरीच्या खेळाडूचे निम्मे फटके याच जातीचे. पहिल्या सेटमधला चमत्कार तो हाच.

सर्व्हिसचे गणित निराळे आहे. तेथे चेंडूला स्वतःचा वेग जवळजवळ नसतो. सगळा वेग रॅकेटने द्यायचा. वरील जड रॅकेट त्याच गतीने फिरली तर सर्व्हिस पाच टक्क्यांनी वेगवान होईल. पण ती त्याच गतीने फिरत नाही. निरनिराळ्या जडपणाचे दांडे माणसांना पूर्ण ताकदीने फिरवायला लावून केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की फिरवण्याचा भार वाढला की गती कमी होते, पण भाराच्या प्रमाणात नव्हे, पुष्कळच मंदपणे. भार वीस टक्के वाढला तर गती सुमारे पाच टक्के घटते. पाच टक्के मिळाले, पाच टक्के गेले. म्हणजे सर्व्हिसच्या वेगाच्या दृष्टीने जड आणि हलकी या वादात काही जीवच नाही. दोन्ही पक्ष इतकी वर्षे भांडले ते एका शून्यासाठी! आणि हा हिशेब ताज्या खांद्याचा आहे. तिसऱ्या सेटमधल्या थकलेल्या खांद्याला तो लागू पडत नाही. तेथे जड रॅकेट निश्चितपणे तोट्यात जाते.

'फिरवण्याचा भार' असा शब्दप्रयोग वर आला, त्याचा थोडा खुलासा हवा. कारण बहुतेक खरेदीदार चुकतात ते येथेच. दुकानातला काटा सांगतो ते नुसते वजन. हाताला जाणवतो तो भार वजन कोठे आहे यावर ठरतो, आणि अंतराच्या वर्गाने वाढतो. जयपूरकरांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. महाराजा सवाई मानसिंह यांच्या पोलो संघाने १९३३ साली इंग्लंडातल्या स्पर्धा ओळीने जिंकल्या, त्या शहरात पोलोची काठी अपरिचित नाही. तिचा वेताचा दांडा हलका, पण टोकाशी लाकडाचे डोके. म्हणूनच घोड्यावरून ती फिरवताना खांद्याला तिचे खरे वजन कळते. टेनिसच्या रॅकेटला टोकाशी दहा ग्रॅम शिसे लावले, तर काट्यावर वजन जेमतेम तीन टक्क्यांनी वाढलेले दिसेल. फिरवण्याचा भार मात्र दहा-अकरा टक्क्यांनी वाढतो. तेच दहा ग्रॅम मुठीत घातले तर हा भार जवळजवळ वाढतच नाही. काट्यावर समान उतरलेल्या दोन रॅकेटी हातात अगदी परक्या वाटतात त्याचे कारण हे आहे.

जडपणाचा आणखी एक गुण म्हणजे स्थैर्य. सवाई जयसिंहाने ज्योतिषाची पितळी यंत्रे करवून पाहिली. ती लहान होती, त्यांचे आस झिजत, ती डळमळत, आणि वेध चुकत. तेव्हा त्याने जंतरमंतरात दगडचुन्याची प्रचंड यंत्रे बांधली. सुमारे सत्तावीस मीटर उंचीचे सम्राट यंत्र वाऱ्याने हलत नाही. अर्थात ते उचलून फिरवण्याचा प्रश्नही नव्हता, ही सोय टेनिसपटूला नाही! पण मध्य सोडून कडेला लागलेला चेंडू रॅकेटला पिळतो, आणि तेथे वस्तुमान उपयोगी पडते, विशेषतः ते चौकटीच्या दोन्ही कुशींत असेल तर. दोन्ही बाजूंना मिळून सहा ग्रॅम लावले तर पिळण्याला होणारा विरोध सहा-सात टक्के वाढतो आणि फिरवण्याचा भार केवळ तीनेक टक्के. क्लबातल्या खेळाडूचा चेंडू मध्यावर बसण्यापेक्षा कडेला बसण्याचाच संभव अधिक. त्याच्यासाठी हा सौदा टोकाशी शिसे लावण्यापेक्षा पुष्कळ शहाणपणाचा. रुंद डोक्याची रॅकेट हेच काम वजनावाचून करते, हेही विसरता कामा नये.

राहिले कोपर. टेनिस खेळणाऱ्याच्या या दुखण्याची नोंद इंग्रज वैद्यांनी १८८० च्या दशकातच केली, म्हणजे लॉन टेनिसचे वय दहा वर्षांचे असतानाच. फार हलकी आणि फार ताठ रॅकेट चेंडूच्या आघाताने मागे उसळते आणि तो धक्का हाताकडे येतो. जड रॅकेट तो धक्का बराचसा स्वतःच पचवते. म्हणून कोपर दुखणाऱ्याला थोडी जड, थोडी लवचिक रॅकेट आणि सैल ताणलेली जाळी देऊन पाहतात. पण पेलवत नसलेली रॅकेट खेळाडूला उशीर करायला लावते. उशीर झाला की चेंडू शरीराच्या मागे गाठला जातो आणि बॅकहँड नुसत्या मनगटाने ओढला जातो. मग ज्या स्नायूंना वाचवायचे तेच ओढले जातात. जड रॅकेट ही कोपराला औषध आहे की विष, हे मात्रेवर ठरते. आणि दुखणे महिनाभर टिकले तर रॅकेटच्या दुकानात न जाता वैद्याकडे जावे हे उत्तम.

मात्रा ठरवण्याचा मार्ग कंटाळवाणा आहे, पण तोच एक आहे. एका वेळी दोन-तीन ग्रॅमच लावावेत आणि निदान आठवडाभर खेळून पाहावे. पारख पहिल्या सेटवर न करता शेवटच्या सेटवर करावी. त्या वेळीही सर्व्हिसचा हात पूर्ण वर जात असेल तर आणखी थोडे. नसेल तर शेवटची पट्टी काढून टाकावी. डोक्याकडे भार वाढल्याने रॅकेट ओढल्यासारखी वाटली तर मुठीत तेवढेच वजन घालून तोल सावरता येतो. शिसे विषारी; पट्टी हाताळल्यावर हात धुवावेत आणि घरातल्या मुलांच्या हाती ती लागू देऊ नये. टंगस्टनच्या पट्ट्याही आता मिळतात.

जयपूरच्या हवेचाही या हिशेबात वाटा आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४३० मीटर उंचीवर. मेमधल्या चाळीस अंशांच्या हवेची घनता जानेवारीतल्या सकाळच्या हवेपेक्षा दहाएक टक्क्यांनी कमी असते. शिवाय तापलेल्या चेंडूच्या आतला दाब वाढतो आणि तो अधिक उसळतो. उन्हाळ्यात चेंडू लवकर येतो, हात आधीच घामेजलेला असतो, आणि रॅकेट मागे नेऊन पुढे आणायला वेळ अपुरा पडतो. थंडीच्या सकाळी तोच चेंडू मलूल असतो, आणि त्याला रेटायला थोडे वजन बरे पडते. म्हणून येथले काही जाणते खेळाडू दिवाळीनंतर चौकटीच्या कुशीत दोन छोट्या पट्ट्या चिकटवतात आणि होळी झाली की त्या सोलून काढतात.

ज्या गृहस्थाला स्नेह्याने जड रॅकेट दिली होती, त्याच्यासारख्यांचे शेवटी ठरते ते बहुधा तीनशेच्या थोडे पुढे: ३१० ग्रॅम, डोके रुंद, तोल मुठीकडे, जाळी जरा सैल. स्नेह्याची जुनी रॅकेट तो परत करतो. स्नेही ती हातात तोलून पाहतो, "तुम्हाला झेपली नाही," असे म्हणतो, आणि तिसऱ्या सेटमध्ये दोन दुहेरी चुका करून सर्व्हिस गमावतो.