पोचपावती: मेल ‘पोचला’ हे नेमकं कोण ठरवतं?

कोणी लोकलमध्ये लटकत ऐकत असाल, कोणी भांडी घासता घासता. आजचा भाग एका छोट्याशा कमांडबद्दल आहे, आणि त्या कमांडच्या नादात मी केलेल्या एका घोळाबद्दल. कोडिंग येत नसलं तरी ऐका, कारण गोष्ट शेवटी पोचपावतीची आहे आणि ती सगळ्यांना कळते.

चार वर्षांपूर्वीचं सांगतो. बीटेक होऊन फार दिवस झाले नव्हते. तालुक्याच्या गावातल्या एका संस्थेचं मेलचं काम माझ्याकडे आलं. नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती, माझी होती. त्यांच्याकडे झराफा नावाचा ग्रुपवेअर सर्व्हर होता. ग्रुपवेअर म्हणजे मेल, कॅलेंडर, पत्ते, कामांची यादी, सगळं एका ठिकाणी आणि ऑफिसात सगळ्यांना वापरता येईल असं. झराफा हे नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरातल्या कंपनीचं सॉफ्टवेअर. अरबीत जिराफाला झराफा म्हणतात, नाव तेच. २००८ मध्ये त्याचा गाभा ओपन सोर्स झाला आणि २०१६ पासून तेच काम कोपानो या नावाने पुढे चाललं.

अकाउंट्सच्या मॅडम निवृत्तीला आल्या होत्या. त्यांचे बरेच वर्षांचे मेल त्यांच्या पीसीवरच पडून होते. ते सर्व्हरवर आणायचे, म्हणजे पुढच्या माणसाला सापडतील, एवढंच काम. मी सगळे मेल फाइल करून काढले, एका मेलची एक फाइल. साधारण २,६०० फाइल्स. सर्व्हरवर कॉपी केल्या. आता त्या मॅडमच्या खात्यात टाकायच्या.

इथे आपली कमांड येते. तिचं नाव डी-एजंट, म्हणजे डिलिव्हरी एजंट. झराफात ‘झराफा डॅश डीएजंट’, कोपानोत ‘कोपानो डॅश डीएजंट’. वापर अगदी सोपा. कमांडपुढे युजरचं नाव लिहायचं आणि मेलची फाइल स्टँडर्ड इनपुटमधून आत सोडायची. बस. मेल त्या माणसाच्या इनबॉक्समध्ये.

वरून सोपं दिसतं, पण आत बरंच काही चालतं. इंटरनेटवरून येणारा मेल म्हणजे एक लांबलचक टेक्स्ट असतो. वर हेडर, खाली मजकूर, अटॅचमेंट असेल तर तीही अक्षरांत गुंडाळलेली. झराफा मेल तसा ठेवत नाही. तो आउटलुकच्या पद्धतीने, मॅपी नावाच्या रचनेत ठेवतो. विषय वेगळा, पाठवणारा वेगळा, अटॅचमेंट वेगळी, आणि हे सगळं मायएसक्यूएल डेटाबेसच्या आधाराने. डी-एजंट पाकीट फोडतो, आतल्या वस्तू ओळखतो, खण बघून ठेवतो. हेडरमध्ये एक्स-स्पॅम-स्टेटसपुढे ‘येस’ असेल, तर मेल जंकमध्ये टाकतो. युजरने लावलेले नियम चालवतो. युजर सुट्टीवर असेल, तर ‘मी बाहेर आहे’ हे उत्तरही धाडतो. म्हणजे हा नुसता पाकीट टाकून जाणारा पोस्टमन नाही, घरात येऊन सामान लावून देणारा पोस्टमन आहे.

मी काय केलं? एक लूप लिहिला. प्रत्येक फाइल घे, डी-एजंटला दे, मग पुसून टाक. पुसायची कशाला? तर सर्व्हरच्या डिस्कवर जागा कमी होती. दोन कमांडच्या मध्ये मी टाकला सेमीकोलन. स्क्रीनवर कचरा नको म्हणून सगळं आउटपुट डेव्ह-नलला पाठवलं. डेव्ह-नल म्हणजे लिनक्समधली विहीर, टाकलेलं परत येत नाही.

पहिले दहा मेल तपासले. एकदम भारी. लूप चालू ठेवला. मधल्या वेळात मॅडमचा पीसी फॉरमॅट करून दुसऱ्या टेबलावर देऊनही टाकला. मग दुसऱ्या टर्मिनलमध्ये सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये एक बदल केला. हा बदल तुम्हालाही लागेल, म्हणून सांगतो. डी-एजंट कोणाच्याही खात्यात मेल टाकतो, म्हणून त्याला ॲडमिनचा हक्क लागतो. सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये ‘लोकल ॲडमिन युजर्स’ अशी एक ओळ असते आणि तिथे रूट लिहिलेला असतो. पोस्टफिक्स जर व्हीमेल नावाच्या युजरने डी-एजंट चालवणार असेल, तर तिथे व्हीमेलही लिहावं लागतं. तेच करत होतो. सर्व्हर रीस्टार्ट केला आणि जेवायला गेलो.

कॉन्फिगमध्ये टायपो होता. सर्व्हर उठलाच नव्हता.

परत आलो, तर लूप संपलेला. फोल्डर रिकामा. मी खूश! सर्व्हर बंद आहे हे कळलं, टायपो काढला, सर्व्हर चालू केला, मॅडमचं खातं उघडलं. मेल होते सुमारे २,२६०. बाकीचे ३४० कुठेच नव्हते. ना सर्व्हरवर, ना फोल्डरमध्ये, ना पीसीवर.

काय झालं होतं बघा. लिनक्समधली प्रत्येक कमांड संपताना एक आकडा देऊन जाते. त्याला एक्झिट कोड म्हणतात. शून्य म्हणजे काम झालं. सर्व्हर बंद असला की डी-एजंट ७५ देतो. हा ७५ त्याचा खासगी आकडा नाही, मेलच्या दुनियेत जुना ठरलेला संकेत आहे. अर्थ असा की आत्ता जमलं नाही, माल तुमच्याकडेच ठेवा, नंतर परत या. म्हणजे डी-एजंट मला ३४० वेळा सांगत होता, ‘पुसू नको, अजून माझ्याकडे आलेलं नाही.’ पण सेमीकोलनचा अर्थ असतो ‘आधीचं काही होवो, पुढचं कर’. आणि मी पुढे लिहिलेलं होतं पुसणं.

तुमच्या आईबाबांना रजिस्टर एडी विचारा. पत्र दिलं की काम संपत नसे. सहीची पोचपावती परत आली की संपे. तोवर आपली प्रत फाइलला. ईमेलचा सगळा कारभार याच तत्त्वावर चालतो. २००८ चा एसएमटीपीचा नियम सांगतो की एकदा का सर्व्हरने ‘२५०, ठीक’ असं उत्तर दिलं, की मेलची जबाबदारी त्याची. नंतर मशीन बंद पडलं ही सबब चालत नाही. आणि हे उत्तर येईपर्यंत जबाबदारी पाठवणाऱ्याची.

पोस्टफिक्स हेच पाळतो. विट्झे व्हेनेमा या डच माणसाने आयबीएममध्ये असताना तो लिहिला. पोस्टफिक्सने डी-एजंट चालवला आणि उत्तर ७५ आलं, तर तो मेल रांगेत ठेवतो, पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. वेगळं काही सांगितलं नसेल, तर ५ दिवस. शून्यही नाही आणि ७५ही नाही असा आकडा आला, तर साधारणपणे मेल पाठवणाऱ्याला परत जातो. कुठल्याही रस्त्याने गेला, तरी मेल गुपचूप गायब होत नाही. गायब केला तो माझ्या चार ओळींनी.

मॅडमना सांगायला गेलो. वाटलं, ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, ‘‘अहो, मामांचं पीएफचं पत्र होतं ना त्यात?’’ मामा म्हणजे तिथले निवृत्त शिपाई. त्यांच्या पीएफचा पत्रव्यवहार मॅडम मेलवरून करत होत्या. तो त्या ३४० मध्ये होता.

मॅडम उठल्या आणि कपाटातून बॉक्स फाइल काढली. महत्त्वाच्या मेलची प्रिंट काढून ठेवायची त्यांना सवय होती. आम्ही पोरं त्यावर हसायचो. कशाला झाडं तोडता, वगैरे. त्या फाइलमध्ये मामांच्या मेलची प्रिंट होती, तारखेसकट आणि संदर्भ क्रमांकासकट. अटॅचमेंट मात्र नव्हती. त्या क्रमांकावरून ती परत मागवली. दीड महिना गेला. मामा तेवढ्यात तीनदा एसटीने येऊन गेले. मला काही बोलले नाहीत. तिसऱ्या वेळी मीच त्यांना चहा पाजला आणि खरं काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, ‘‘होतं बाळा.’’ त्यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

बाकीचे? जेमतेम शंभर प्रिंटमध्ये सापडले. उरलेले गेले.

आता कामाचं. तुम्ही कधी हे करायला बसलात, तर एवढं पाळा.

एक. सेमीकोलनच्या जागी दोन अँपरसँड टाका. त्याचा अर्थ ‘आधीचं जमलं तरच पुढचं’. माझ्या लूपमध्ये एवढाच बदल असता, तर हा भाग झालाच नसता.

दोन. पुसू नका, हलवा. आत गेलेली फाइल ‘झालेले’ फोल्डरमध्ये. न गेलेली जागेवरच राहील आणि उद्या तोच लूप परत चालवता येईल. जागा कमी असेल, तर आधी जागा करा.

तीन. आउटपुट विहिरीत टाकू नका, लॉग फाइलमध्ये ठेवा. शेवटी मोजा. किती फाइल होत्या, किती मेल दिसतात? हे जुळेपर्यंत मूळ पीसीला हात लावायचा नाही.

चार. जुने मेल थेट इनबॉक्समध्ये ओतू नका. नियम चालतील, सुट्टीचं उत्तर चालू असेल तर पाच वर्षांपूर्वीच्या मेलला आज उत्तर जाईल. डी-एजंटला फोल्डरचं नाव देता येतं, फोल्डर नसेल तर तयार करायलाही सांगता येतं. ‘जुने मेल’ असा फोल्डर करा आणि पहिला प्रयोग स्वतःच्या खात्यावर करा.

पाच. रोजच्या येणाऱ्या मेलसाठी दरवेळी कमांड चालवण्यापेक्षा डी-एजंटला एलएमटीपीवर बसवा. तो पोर्ट २००३ वर ऐकत बसतो आणि पोस्टफिक्स त्याच्याशी बोलतो. एलएमटीपी १९९६ चा आहे. त्यातली गंमत अशी की एकच मेल पाच जणांना असेल, तर पोचपावतीही पाच वेगवेगळ्या मिळतात. चौघांना पोचला आणि एकाला नाही, तर त्या एकासाठीच पुन्हा प्रयत्न.

आज माझ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये पुसण्याच्या ओळीवर एक कॉमेंट असते. तिथे फक्त ‘मामा’ असं लिहिलेलं आहे. टीममधल्या नव्या पोरांनी विचारलं की हीच गोष्ट सांगतो.

तुमच्याकडे अशी एखादी स्क्रिप्ट चालू असेल, तर आज घरी गेल्यावर एकदा उघडून बघा, पुसण्याच्या आधी काय लिहिलंय. आणि तुमचा असा काही घोळ असेल, तर कळवा. नाव न घेता पुढच्या भागात सांगू. भेटू या. काळजी घ्या, आणि बॅकअपही.